फाडलेल्या पाइपाची पन्हळ

जळगावच्या सराफ बाजारातल्या एका शेठने मला फसवलं. पैशात फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मी विसरून गेलो असतो, कारण धंद्यात मीही कोणाकोणाला वाकवलं आहे. त्याने खोटं बोलून माझ्याकडून बारा पन्हळी घेतल्या आणि त्या पन्हळींनी अक्काच्या गटारीत येणारं सोनं बंद झालं. फसवला गेलो मी, काम गेलं तिचं. अक्काला वाटतं तिला मी फसवलं. तिचंही चूक नाही.

गटारीतलं सोनं म्हटलं की बाहेरगावचा माणूस हसतो, म्हणून आधी ते सांगतो. सराफ गल्लीत प्रत्येक दुकानाच्या मागे किंवा माडीवर कारागीर बसतात. ते सोनं कानसतात, घासतात, उजळतात. त्याचा बारीक कीस त्यांच्या हातांना, केसांना, धोतराच्या काठाला लागतो. संध्याकाळी ते मोरीवर हातपाय धुतात आणि ते पाणी गटारीत येतं. दुकानातली झाडलोट शेठ लोक डब्यात जपून ठेवतात आणि वर्षातून एकदा विकतात. पण पाणी एकदा उंबरा ओलांडून गटारीत पडलं, की त्यावर शेठचा हक्क नाही. ते झारेकऱ्यांचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण गल्लीत कोणी कधी मोडलेलं नव्हतं.

झारेकरी म्हणजे गटारीतला गाळ काढून, धुऊन, त्यातून सोन्याचे कण वेगळे करणारी माणसं. आमच्याकडे हे काम बहुतेक बायाच करायच्या. प्रत्येक घराची गटार ठरलेली असे. त्याला त्या हद्द म्हणत. अक्काची हद्द एका दुकानाच्या दगडी पायरीपासून विजेच्या खांबापर्यंत होती. ती लग्न होऊन जळगावला आली, तेव्हा सूनमुख बघताना सासूने तिला दागिना दिला नव्हता, ही तीस-बत्तीस पावलांची गटार दिली होती. अक्का हे सांगायची तेव्हा तिच्या तोंडावर जो तोरा असायचा, तो मी पाटल्या घातलेल्या बाईच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

मी शिंदखेड्याकडचा. ऐंशीच्या आसपास जळगावला आलो आणि पाइपांच्या एका कारखान्यात मशीनवर लागलो. गरम प्लॅस्टिक साच्यातून लांबच लांब बाहेर येतं, पाण्याच्या हौदातून जातं आणि पाइप होऊन कापलं जातं. आमच्या भागात तेव्हा केळीवाले आणि कापूसवाले सगळेच पाइपलाइन टाकत होते, त्यामुळे मशीन थांबत नसे. चार वर्षांनी सुपरवायझरशी माझं भांडण झालं. कशावरून ते सांगण्यासारखं नाही. माझंच डोकं तापलं होतं एवढं खरं. त्या दिवशी नोकरी सुटली.

मग गावातच मेहरूणमध्ये पत्र्याची एक शेड घेतली. कारखान्यातून वाकडे, जाडीला कमी-जास्त, रंग बिघडलेले पाइप भंगारात निघायचे, ते मी वजनावर उचलायचो. त्यांच्यापासून कोंबड्यांना पाणी पाजायच्या कुंड्या, बैलांच्या दावणीत ठेवायची भांडी आणि पावसाळ्यात छपराखाली लावायच्या पन्हळी करायचो. पाइप उभा फाडायचा, गरम करायचा, हवा तसा दाबायचा. याच्या पलीकडे कसब काही नव्हतं. माझं खरं कसब बोलण्यात होतं. भंगारवाल्याशी मी तासभर घालायचो. गिऱ्हाईक उठून गेलं तर जाऊ द्यायचो, आणि ते कोपऱ्यावरून परत येणार हे मला त्याच्या चालीवरून कळायचं.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास सराफ गल्लीत एका दुकानाला पन्हळ लावायला शिडीवर चढलो होतो. करवतीने पाइप कापत होतो आणि भुसा खाली पडत होता. खालून आवाज आला.

"भाऊ, तुना कचरा मना सोनामा पडी राहिना."

खाली बघितलं. पन्नाशीची, काटक बाई, पदर कमरेला खोचलेला, गुडघ्यापर्यंत गाळ. मी म्हटलं, "गटारीत कसलं सोनं, अक्का?"

"खाले उतर, मंग दखाडस."

बोलण्यावरून ती आमच्या धुळ्याकडची आहे हे कळलं, म्हणून उतरलो. तिने घमेलं पुढे ओढलं. सागाच्या लाकडाची एक लांबट, उथळ डोणी होती, तिच्यात गाळ घेतला, पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी डोणी हलवायला लागली. माती निघून गेली, मग रेती गेली, मग काळी बारीक वाळू राहिली. तिने शेवटचं पाणी अलगद फिरवलं आणि काळ्या वाळूच्या कडेला पिवळी रेघ आली. केसाएवढी असेल.

"दिसनं?"

दिसलं होतं. पण मला दुसरंही दिसलं. डोणीला चीर पडलेली होती, ती लाखेने बुजवली होती, आणि दर हेलकाव्याला चांगला जडसर गाळ पाण्याबरोबर कडेवरून सांडत होता. एक घमेलं धुवायला तिला अर्धी सकाळ लागत होती. मी म्हटलं, "अक्का, हे लाकूड फेकून द्या. मी पाइपाची पन्हळ करून देतो. वरून पाणी सोडायचं, सोनं आपोआप तळाला अडकेल. हात हलवायला नको."

"कितलाले देशील?"

मी भाव सांगितला. ती म्हणाली, "इतलामा तर नवं सूप येस, आनि वरतून टोपली."

"सुपाच्या भावात पाइप मागता?"

"सूप बी पाखडस, तुनी पन्हळ बी पाखडी. काम एकच शे."

माझ्या आयुष्यात मी घासाघीस हरल्याचे प्रसंग फार नाहीत, त्यातला हा एक. सुपाच्या भावाला पन्हळ ठरली. पण घरी जाताना मी डोक्यात वेगळाच हिशोब मांडत होतो. एवढ्या बाया, एवढ्या गल्ल्या, धुळ्यालाही सराफ आहेत. सुपाच्या भावात जर पन्हळ बसवता आली, तर ती प्रत्येक बाई घेईल.

स्वस्त करायची म्हणजे विकतचं काही लावायचं नाही, हे आधी ठरवलं. सहा इंची भंगार पाइपाचा अडीच हात लांब तुकडा घेतला आणि उभा फाडला. तसाच अर्धगोल ठेवून पाहिला, तर सगळं पाणी मधोमध धावायचं आणि आडकाठीला काही थांबायचं नाही. मग पत्र्याच्या तसराळ्यात रेती तापवली, तिच्यात पाइप पुरला आणि मऊ झाल्यावर दोन फळ्यांमध्ये दाबला. तळ सपाट झाला, कडा उभ्या राहिल्या. एकदोन करपले. करपलेल्या प्लॅस्टिकचा वास शेजारणीच्या भाकरीपर्यंत गेला आणि तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तळाला आडव्या पट्ट्या हव्या होत्या. त्या बारीक पाइपाच्या चकत्या कापून, अर्ध्या करून, पाइप जोडायच्या सोल्युशनने चिकटवल्या. पट्टी सरळ उभी ठेवली तर तिच्यामागे रेती भरून बसायची आणि सोन्याला जागा उरायची नाही. थोडी पुढे, पाणी जातं त्या बाजूला कलती ठेवली, की तिच्यामागे पाणी भोवरा घेतं, हलकी रेती उचलून फेकतं आणि जड वस्तू खाली राहते. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. मेहरूणच्या तलावावर मासे धरणाऱ्याकडून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आणले, ते कानशीने घासून भुकटी केली, रेतीत मिसळली आणि आठ-दहा दिवस धूत बसलो. चढ किती द्यायचा तेही तसंच सापडलं. एका टोकाखाली चार बोटं. पाच बोटं केली की शिसं पळायचं, तीन केली की गाळ तुंबायचा.

शेवटी मूठभर शिशातलं जवळजवळ सगळं परत मिळायला लागलं. मी पन्हळ कपड्याने पुसून चकचकीत केली आणि ऐटीत सराफ गल्लीत गेलो.

अक्काने तिचा गाळ टाकला, मी वरून बादलीने पाणी सोडलं. पट्ट्यांमागे काळी वाळू छान जमली. सोनं मात्र दोन-तीनच कण. अक्का पन्हळीकडे बघतच नव्हती. खालच्या टोकाला जिथे पाणी सांडत होतं तिथे तिने हात धरला, हात वर करून उन्हात तिरका केला आणि मला दाखवला. ओल्या तळव्यावर पिवळे ठिपके होते.

"तुनं सोनं वाही गयं ना, भाऊ."

"असं कसं वाहील? सोनं जड असतं."

"जाडं सोनं खाले बसस. बारीक सोनं पानीवर तरंगस."

मला राग आला. म्हटलं, मी दहा दिवस शिसं धुतलंय, मला शिकवू नका. ती शांतपणे म्हणाली, "शिसानं मले काय सांगस? मी सोनं धुयेल शे." मी शिसं धुतलं होतं, तिने सोनं. यापुढे वाद राहिला नाही.

मग तिने समजावलं. गटारीच्या पाण्याला तेल असतं, साबण असतो, वरण असतं. माझा न वापरलेला पाइपही तेलकट होता. साच्यातून निघताना त्यावर मेणासारखा थर राहतो हे मला माहीत होतं, पण त्याचा सोन्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. पिठासारखं बारीक सोनं अशा पाण्यावर चढून बसतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. त्यावर उपाय रिठा. रिठे कुटून, भिजवून त्याचं पाणी मिसळलं, की सोन्याचा कण ओला होतो आणि सरळ खाली जातो. तिची सासू तेच करायची. तिने माझी पन्हळ विटकरीच्या भुकटीने आतून खसाखसा घासली, पार खरबरीत केली. माझी सगळी चकाकी गेली. रिठ्याचं पाणी फिरवलं आणि म्हणाली, आता सोड.

पहिल्या पट्टीमागे पिवळी चंद्रकोर जमली. दुसऱ्या पट्टीमागे पातळ. तिसरीमागे जवळजवळ काही नाही. म्हणजे सोनं पहिल्या वीतभरातच थांबत होतं. मी इतका वेळ बघत राहिलो की अक्का म्हणाली, "दखी दखीसन ते वाढत नही."

त्या दिवशी निघताना तिने मला एक गोष्ट सांगितली. रिठ्याचं, पन्हळीचं, जे काही मी शिकलो ते दुकानवाल्यांना सांगू नको. "हाई आपलं आपलामा ऱ्हावू दे." मी हो म्हटलं. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. ज्यांच्याकडे तोळ्यांनी सोनं आहे त्यांना गटारीच्या कणांचं काय, असं मला वाटत होतं.

पुढच्या वर्षभरात वीस-बावीस पन्हळी गेल्या. प्रत्येक बाईने सुपाचाच भाव दिला, कारण अक्काने तो गल्लीभर करून ठेवला होता. तरी मला परवडत होतं. अर्ध्या दिवसाचं काम दोन तासांत व्हायला लागलं. अक्काची सून ज्या घागरीने पाणी आणायची, तिच्याऐवजी मी तळाला तोटी बसवलेला पत्र्याचा डबा दिला, त्याने पाण्याची धार एकसारखी राहायची. डबा मी फुकट दिला, हे मुद्दाम सांगतो, कारण मी फुकट काही देतो यावर गल्लीत कोणाचा विश्वास बसला नव्हता.

मग शेठने बोलावलं. अक्काच्या हद्दीच्या वरच्या टोकाला, ज्याची दगडी पायरी तिची खूण होती, तोच. माणूस मऊ बोलणारा, पांढरीशुभ्र बंडी. त्याने मला गादीवर बसवलं. माझ्यासारख्याला गादीवर बसवतात तेव्हा काहीतरी हवं असतं, एवढं मला कळत होतं.

"मिस्त्री, आईला जाऊन वर्ष होतंय. तिच्या नावाने या बायांना काही द्यावं म्हणतो. तुमच्या त्या पन्हळी. बारा द्या."

म्हटलं, देतो.

"फक्त दोन बोटं अरुंद करा आणि लांबीला हातभर कमी. बायाबापड्यांना डोक्यावरून न्यायची असते. हलकी हवी."

माझ्या मनात आलं, बघा, मोठा माणूस असून किती विचार करतो. मी भाव सांगितला, अर्थात सुपाचा नाही. त्याने निम्मा केला. मी चपला पायात घातल्या. त्याने चहा मागवला. मी चपला काढल्या. हे असं अर्धा-पाऊण तास चाललं आणि खोटं का बोलू, मला मजा येत होती. आईच्या नावाचं दान आहे, थोडं तुम्हीही सोडा, असं तो तीनदा म्हणाला. पाइप नवा आहे, असं मी तीनदा म्हणालो.

मग तो हसून म्हणाला, "शेवटी फाडलेला पाइपच ना, मिस्त्री. त्यात एवढं काय आहे?"

तिथे माझं डोकं सरकलं. काय आहे म्हणजे? मी त्याला सगळं सांगितलं. पट्ट्यांचा कल, चार बोटांचा चढ, आतून खरबरीत का करायचं, आणि रिठा. सांगताना मी गादीवरच्या पंच्याची पन्हळ करून दाखवली. तो ऐकत होता. मध्ये एकच प्रश्न त्याने विचारला.

"आमचे कारागीर माल रिठ्यानेच धुतात. मग मोरीचं पाणी तर आधीच रिठ्याचं असतं?"

मी म्हणालो, "असतंच. गटारीत उतरल्यावर त्यात तेलकट मिसळतं म्हणून त्रास. मोरीच्या तोंडाशी लावली तर कणसुद्धा सुटायचा नाही."

माझ्या डोळ्यांपुढे काय होतं ते सांगतो. भिंतीबाहेर, जिथे मोरीचं तोंड गटारीवर उघडतं, तिथे अक्का बसली आहे असं मला दिसत होतं. मी तिच्या भल्याचंच बोलतोय असं मला वाटत होतं. पण बोलत होतो भाव वाढवायला, हेही खरं आहे.

त्याने पुढे एक शब्दही न कापता माझा भाव मान्य केला. मागितलेला भाव पटकन मिळाला की मी नेहमी सावध होतो, उठून मालाकडे पुन्हा बघतो. त्या दिवशी मी चहा प्यायलो आणि घरी गेलो.

पन्हळी देऊन महिना-दीड महिना झाला असेल. गल्लीत गेलो तर अक्का पन्हळीपुढे बसून होती आणि पन्हळीत काळी वाळू होती. नुसती काळी.

"पंधरा दिनपशी असंच शे," ती म्हणाली.

मी तिच्यावरच ओरडलो. चढ चुकवला असेल, रिठा कमी पडला असेल, पट्टी निघाली असेल. मी स्वतः विटा लावल्या, बोटं मोजली, तीन घमेली धुतली. काही नाही. शेजारच्या हद्दीतल्या बाईला विचारलं, तिचंही कमी झालं होतं, पण थोडंफार मिळत होतं. मी विचारलं, शेठने दिलेली नवी पन्हळ कुठे आहे? अक्काने माझ्याकडे बघितलं. "कोनती?"

मी रिठे मागायच्या निमित्ताने दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो. कारागीर मोरीवर हात धूत होता. मोरीच्या खाली, भिंतीला दोन खिळ्यांवर टेकून, माझी पन्हळ होती. दोन बोटं अरुंद, हातभर कमी. मोरीखाली बरोबर मावत होती. पट्ट्यांना सोल्युशन लावताना माझ्या बोटाचे ठसे उमटतात, ते मला लांबून ओळखू आले. पहिल्या पट्टीमागे पिवळी कोर होती.

मी पन्हळ ओढून काढली. ती कोपऱ्यातून तडकली आणि पाणी फरशीवर सांडलं. दोघा कारागिरांनी माझे दंड धरले. शेठ आत आला. त्याने आधी फरशीकडे बघितलं आणि कारागिरांना म्हणाला, "स्पंजने टिपून घ्या, पाण्यात माल आहे." मग माझ्याकडे वळला.

"बोला, मिस्त्री."

"तुम्ही बायांना देणार म्हणाला होतात. आईच्या नावाने."

"भाव पाडायला माणूस काहीही बोलतो. तुम्ही नव्हता म्हणालात, पाइप नवा आहे म्हणून?"

"पाइप नवा म्हटल्याने कोणाचं पोट मारलं गेलं नाही."

"माझं सोनं माझ्या घरात थांबलं, तर मी कोणाच्या पोटावर पाय दिला? आजवर वाहून जात होतं, थांबवायची सोय नव्हती. तुम्ही करून दिलीत. मोबदला पुरा घेतलात."

मी बरंच बोललो. शिव्याही दिल्या, त्यानेही तुटलेल्या पन्हळीवरून मला ऐकवलं. गल्लीतले चारजण दाराशी जमले, पण आत कोणी आलं नाही. नंतर कळलं, बारापैकी चार त्याने स्वतःच्या कारागिरांच्या मोऱ्यांखाली लावल्या होत्या आणि आठ गल्लीतल्या नातेवाइकांना दिल्या होत्या. पुढे इतरांना माझीही गरज राहिली नाही. पन्हळीत लपवण्यासारखं काही नव्हतं. एकदा बघितली की कोणताही नळवाला करू शकतो. मी ती मुद्दाम तशीच केली होती, साधी आणि स्वस्त.

बाहेर आलो तेव्हा अक्का पायरीपाशी उभी होती. आतलं सगळं तिने ऐकलं होतं. मी म्हटलं, शेठने फसवलं.

"रिठानं तू त्याले काब्रं सांगं?"

भाव वाढवायला, हे मला तिच्यासमोर म्हणता आलं नाही.

त्यानंतर मी एक प्रयत्न केला. धुळ्याला पांझरेच्या काठी, जिथे तिकडच्या सराफ गल्लीचं पाणी नदीत उतरतं, तिथल्या रेतीत सोनं मिळतं हे मला ठाऊक होतं. मी एक मोठी, दोन पाइप जोडून केलेली पन्हळ तयार केली, एसटीच्या टपावर टाकली आणि अक्काला घेऊन गेलो. तिचं माहेर तिथलंच. नदीत उतरलो, अर्ध्या तासात पट्टीमागे रंग दिसला. मी म्हटलं, बसा इथे, कोण अडवतंय.

वरच्या बाजूला तीन-चार बाया रेती धूत होत्या. अक्का त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. त्यातली एक तिची भावजय निघाली. दोघी बोलल्या, भावजयीने तिला चहा पाजला, काही वाईट बोलली नाही. पण अक्का परत आली ती खोचलेला पदर सोडूनच.

"आठे मनी हद्द नही, भाऊ. लगीन व्हयनं तधळ गयी. आते ती वहिनीनी शे."

"नदीला कसली हद्द? केवढी नदी आहे."

"तुले नही समजाव."

मी तिथे काठावर तिच्याशी भांडलो. तुमच्या अशा नियमांमुळेच तुम्ही मागे राहता, शेठने एक नियम मोडला आणि गबर झाला, तुम्ही पण मोडा, असं म्हणालो. ती ऐकून घेत होती. भांडून झाल्यावर म्हणाली, "मी बी मोडं, तर मी त्याले कोनता तोंडे नाव ठेवू?" पन्हळ तिने भावजयीला देऊन टाकली. परतीच्या एसटीत ती पुढे बायांच्या बाकावर बसली, मी मागे.

अक्का आता, साठी उलटली तरी, जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते. सरकी आणि पानकचरा वेगळा करायचा, वजनावर मजुरी. माझं बरं चाललं आहे. ठिबकच्या नळ्यांची कामं मिळाली, एका शेडच्या दोन झाल्या. सोन्याच्या पन्हळी मी त्यानंतर केल्या नाहीत. धुळ्याहून, नंदुरबारहून माणसं आली, चांगला भाव देत होती. मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. गल्लीतल्या बहुतेक हद्दी सुटल्या. गटारी आता फरशीने झाकल्या आहेत.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. सोनं शेठचंच होतं, यात वाद नाही. मोरी त्याची, पाणी त्याचं. गल्लीने पिढ्यान्‌पिढ्या ते सोडून दिलं होतं, की केवळ अडवता येत नव्हतं म्हणून जात होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही. अडवता येत नव्हतं तोवर ते सोडून दिल्यासारखं दिसत होतं. माझ्या पन्हळीने फरक उघडा पाडला. घासाघीस करताना बोललेलं खरं धरायचं नाही हेही मला मान्य आहे, मी त्याच्यावरच जगलो. नवा पाइप म्हणालो, तो भंगारातला होता. पण मी माझ्या मेलेल्या आईचं नाव घेऊन तो नवा आहे असं सांगितलं नव्हतं. घासाघिशीलाही एक कड असते. मी तापट आहे, वाकडा आहे, तरी ती कड मला दिसते. त्याला दिसत नव्हती असं मी मानत नाही.

अक्काने विचारलं होतं त्याचं उत्तर मी तिला मागच्या वर्षी दिलं. जिनिंगच्या दाराशी थांबलो, ती सुटल्यावर सांगितलं, भाव वाढवायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "ते मले तवच समजनं व्हतं." आणि बाकीच्या बायांबरोबर निघून गेली. माझ्या वाट्याचं मी सांगून टाकलं. तिला त्याने बरं वाटलं की नाही ते माहीत नाही.

आता राहिला शेठ. तो अजून रोज दुकानात बसतो. गल्लीत कोणालाही विचारा, मी कोणाबद्दल लिहितो आहे ते सांगतील. मला त्याची माफी नको, तुटलेल्या पन्हळीवरून त्याने मला काय काय ऐकवलं तेही मी सोडलं. जिनिंगची पाळी सुटली की अक्का त्याच रस्त्याने घरी जाते. त्याने एकदा गादीवरून उठावं, पायरी उतरावी, तिला थांबवावं आणि बारा पन्हळींपैकी एक तरी एका तरी बाईला का दिली नाही, ते सांगावं. आईचं नाव त्याने घेतलं होतं, मी नाही. उत्तर त्याने मला देऊ नये, तिला द्यावं, आणि गल्ली ऐकत असताना द्यावं.